दुष्ट बाईची बाजू

चंदीगडला सेक्टर ३०मध्ये बहिणीकडे गेले होते. रात्री भाची मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली. ‘द रीमॅरिड एम्प्रेस’ ही कोरियन चित्रकथा ती तिसऱ्यांदा वाचत होती. महाधर्मगुरूंसमोर सम्राज्ञी नाविए घटस्फोट मान्य करते आणि त्याच दमात पुनर्विवाहाची परवानगी मागते. भाचीचा अंगठा थांबला. “मावशी, आता नवऱ्याचं तोंड बघ.”

टाकलेल्या बाईच्या कथा आपण खूप वाचल्या. इथे ती रडत नाही, अर्ज करते. अल्फाटार्ट या लेखिकेची ही कथा २०१९पासून चित्ररूपात येऊ लागली. अशा कथांत राजवाडे युरोपचे असले तरी दुखणं कोरियाचंच आहे. तिथे २००७ अखेरपर्यंत ‘होजू’ पद्धत होती. कुटुंबाच्या सरकारी नोंदीत प्रमुख सहसा पुरुषच असे आणि लग्न झालं की बाईचं नाव नवऱ्याच्या घरच्या नोंदीत जाई. २००५मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली. त्यामुळे या नायिका प्रेमाआधी करारातली कलमं का वाचतात, ते मला समजतं.

त्याहून मोलाची वाटते ती ‘खलनायिके’ची कथा. आजची एखादी मुलगी मरते आणि वाचलेल्या कादंबरीतली दुष्ट बाई होऊन जागी होते. आपला शेवट तिला ठाऊक असतो. ‘किल द व्हिलनेस’ या अशाच कथेतल्या एरिसला तर राजपुत्रही नको, सूडही नको; तिला आपल्या जगात परत जायचंय. बाईला दुष्ट कोणी ठरवलं, हे विचारणं आपल्याला नवं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा पुरुषांनी रंगवलेल्या बायकांचा हिशेब त्यांनी असाच मागितला होता.

पण बाजारही जोरात आहे. काकाओ या कोरियन कंपनीने २०१४मध्ये ‘थांबा, म्हणजे फुकट’ ही रीत आणली. घाई असेल त्याने पैसे मोजायचे. मग प्रत्येक भाग उत्कंठेवर तोडावा लागतो आणि कथा शेकडो भाग लांबते. मधल्या भागांत झगे, नाच आणि उत्तरेकडचा तोच तो अबोल ड्यूक. सुरुवातीचा धारदार प्रश्न कितीतरी कथांत तिथेच बोथट होतो.

माझी खरी तक्रार मात्र राश्ताबद्दल आहे. नाविएची सवत होणारी ही मुलगी पळून आलेली गुलाम आहे. तिला ना माहेर, ना शिक्षण. सम्राट तिला उचलून आणतो, सिंहासनावर बसवतो, आणि शेवटी ती मनोऱ्यात कोंडलेली मरते. नाविएची शालीनता उठून दिसावी म्हणून लेखिकेने राश्ताला लोभी आणि खोटारडी केलं आहे. सरदारघराण्यातल्या बाईला न्याय मिळतो, त्याची किंमत गुलाम बाई भरते. दुष्ट बाईची बाजू मांडणाऱ्या या साहित्यप्रकाराने राश्तापाशीच नजर फिरवावी, याचं मला फार वाईट वाटतं.

भाची राश्ताचे शेवटचे भाग झरझर पुढे ढकलत होती. मी तिचा हात धरला आणि तो मनोरा येईपर्यंत मागे जायला लावलं.