विठू महाराची पावती

दामाजीपंतांची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती आजीकडून. तिच्या लेखी ती दुष्काळाची गोष्ट होती. तिने लहानपणी भूक पाहिली होती, त्यामुळे कोठार उघडण्याच्या प्रसंगापाशी ती थांबायची आणि पुढचे सगळे भराभर उरकायची. गावच्या सप्ताहात कीर्तनकार तीच कथा लावत, तेव्हा त्यांचा सगळा भर बेदरच्या दरबारावर असे. घोंगडी पांघरलेला, काठी टेकत आलेला विठू महार बादशहापुढे जोहार घालतो, तिथे टाळ-मृदंगाचा कल्लोळ होई. ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटाने आणि त्यातल्या माडगूळकर-फडक्यांच्या गाण्यांनी हेच चित्र घरोघर नेले. पुढे मी बरीच वर्षे एका कचेरीत वसुलीच्या टेबलावर कारकुनी केली. तिथे बसून पोथी वाचू लागलो तेव्हा मात्र माझी नजर भलतीकडेच अडकली. ती अडकली पावतीवर.

कथा थोडक्यात अशी. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडतो. पंढरपूरचा एक ब्राह्मण त्यांच्या पंगतीला बसतो आणि पानावरचे अन्न पाहून घरच्या उपाशी पोरांच्या आठवणीने रडू लागतो. पंत त्याच्या घरी धान्य पाठवतात. वार्ता पसरते, पंढरपूरचे लोक लोटतात आणि पंत सरकारी कोठारे उघडी करतात. हाताखालचा मुजुमदार बेदरला कळवतो. पंतांना पकडून नेले जात असताना वाटेत ते विठोबाचे दर्शन घेतात. इकडे देव महाराच्या वेशात बेदरला पोहोचतो, दामाजीपंतांनी धन्याकडे पाठवलेली रक्कम म्हणून मोहरा ओततो, रीतसर पावती घेतो आणि ती पंतांच्या गीतेच्या पोथीत नेऊन ठेवतो. पंतांना ती वाचनाच्या वेळी सापडते.

काळाबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण अनेक पुस्तिकांत गोंधळ आहे. १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ आणि दामाजीपंतांचा दुष्काळ एकच, असे सर्रास छापले जाते. पण तेव्हा बहमनी सुलतानांची राजधानी गुलबर्गा होती. ती बेदरला गेली १४२५-३० च्या सुमारास. कथेतले बेदर खरे मानायचे तर दुष्काळ नंतरचा धरावा लागतो, आणि दुर्गादेवीचा धरायचा तर बेदर सोडावे लागते. मला स्वतःला पहिला पर्याय बरा वाटतो. पण माझ्या मुद्द्याला कोणता दुष्काळ याने फारसा फरक पडत नाही. आपल्या मनात जी कथा आहे ती पंधराव्या शतकातली नाहीच. ती अठराव्या शतकातल्या महिपतींची आहे.

महिपती (१७१५-१७९०) हे ताहराबादचे कुलकर्णी. ‘भक्तविजय’ त्यांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली पुरा केला. आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे लिहितो, हे ते मोकळेपणी सांगतात. त्यांच्याविषयी एक परंपरा आहे. ते पूजेला बसलेले असताना सरकारी कामाचे तातडीचे बोलावणे आले. ते गेले, काम उरकले, परत येऊन लेखणी देवापुढे ठेवली, आणि सरकारी चाकरीसाठी ती पुन्हा धरायची नाही अशी शपथ घेतली. परंपरेतली ही हकीगत शब्दशः खरी मानायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण महिपतींचे कुलकर्णीपण खरे आहे. ज्या माणसाच्या घरात पिढीजात गावचे दप्तर होते, त्याने ही कथा सांगितली आहे.

हे ध्यानात घेतले की या चमत्काराचा घाट वेगळा दिसतो. इतर संतकथांत भिंत चालते, रेडा वेद बोलतो. इथे निसर्गाचा नियम फारसा मोडतच नाही. रिकामी न होणारी पिशवी सोडली तर सगळे कामकाज नियमाने होते. रक्कम येते, मोजली जाते, रुजू होते, पावती मिळते. देव बादशहाला दृष्टांत देत नाही की त्याच्या गर्दनीवर सुदर्शन धरत नाही. तो खाते बरोबर करतो. एखाद्या कुलकर्ण्यालाच सुचावी अशी ही कृपा आहे, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही. बाकी दाखवणाऱ्या खात्यापायी माणसाची झोप कशी उडते ते ज्याने पाहिले आहे, त्याला पोथीतून निघालेल्या त्या कागदाचे मोल कळते.

आता महार. देवाने हलके रूप घेतले, केवढी ही लीनता, असे निरूपण आपण ऐकत आलो. निरूपणकार त्यात एक शब्द हटकून घालतात : अनपेक्षित. देव कुठून येईल याचा नेम नाही, असे त्यांना सुचवायचे असते. पण महिपतींच्या श्रोत्याला यात अनपेक्षित काय वाटले असेल? गावची वसुली कसब्याला पोहोचवणे, टपाल नेणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे ही महाराची वतनी कामेच होती. सरकारी रक्कम घेऊन महार दरबारात आला तर देवडीवर कोणी भुवई उंचावण्याचे कारण नव्हते. ब्राह्मण एकटा पिशवी घेऊन आला असता तर कदाचित चौकशी झाली असती. देवाने वेश निवडला तो जिथे संशयच येऊ नये असा. सबंध गावगाडा त्या माणसाच्या हाती पैसा निर्धास्त सोपवत होता, आणि त्याच हाताचे पाणी त्याला चालत नव्हते. कथा हे विधान करत नाही. पण ती उभी आहे ती याच विश्वासावर.

या वेशाला मराठी वाङ्मयात पूर्वपरंपराही आहे. एकनाथांनी ‘जोहार’ या प्रकारची बरीच भारुडे रचली. तिथे महार बोलतो, आणि तो देहरूपी गावाचा चाकर म्हणून हिशेब मांडतो, धन्याला बजावतो, पाटील-कुलकर्ण्यांची झाडाझडती घेतो. दरबारात जोहार घालणारा विठू याच घराण्यातला आहे. पण एकनाथांचा महार तोंडाळ आहे. त्याला मत आहे, उपहास आहे, आणि ज्ञान त्याच्या तोंडून येते. महिपतींचा विठू रक्कम देतो, कामापुरते बोलतो आणि नाहीसा होतो. एकाने महाराला वाणी दिली, दुसऱ्याने त्याला दूत केले. नाथांच्या पुढे हे एक पाऊल मागे आहे, असे माझे मत आहे. ‘भक्तविजय’वर माझे प्रेम असूनही ते इथे नोंदवतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या वाचनालयात मी यावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. म्हणाले, “दादा, एक इचारतो. देव महार झाला, बरं झालं. पण त्या दिवशी दामाजीपंताचा खरा महार कुठं व्हता?” सभेत थोडे हसू पिकले. ते मात्र हसले नाहीत. मलाही उत्तर देता आले नाही. मी काहीतरी पुटपुटलो आणि आभारप्रदर्शन सुरू झाले.

घरी येऊन पोथी पुन्हा काढली. विठू दरबारात सांगतो की तो दामाजीपंतांचा महार. पण ज्याच्या जागी तो उभा आहे, असा कोणी माणूस कथेत नाही. देव कुणाचे रूप घेतो तेव्हा एरवी मूळ माणूस ठाऊक असतो. सोयराबाईच्या बाळंतपणाला विठ्ठल धावला तो नणंदेच्या, म्हणजे निर्मळेच्या रूपात, असे परंपरा सांगते. निर्मळा ही नावागावाची बाई आहे, तिची अभंगरचना आहे. इथे रूप आहे, माणूस नाही. वतनी काम आहे, ते करणाऱ्याचे नाव नाही. ‘विठू’ हे नावही देवाचेच.

ही रिकामी जागा मंगळवेढ्याला आणखी बोचते. कारण कथेच्या आधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच गावात एक खरा महार गावकुसाच्या कामावर होता. १३३८ साली ते कूस कोसळले आणि चोखामेळा त्याखाली गेले. त्यांच्यासाठी त्या दिवशी कोणी वेश पालटून आले नाही. नामदेव नंतर आले, विठ्ठलनाम ज्यांतून ऐकू येते त्या अस्थी चोखोबांच्या, अशी ओळख पटवून त्या पंढरीला नेल्या, असे कथा सांगते. ब्राह्मण अंमलदारासाठी महार होणारा देव महारासाठी वेळेवर का पोहोचला नाही, हा प्रश्न नास्तिकाचा नाही. चोखोबांच्या अभंगांतली तक्रार ज्याने वाचली त्याला तो पडणारच. संतचरित्रे एकेकटी वाचण्याची आपली सवय आहे. एका गावातली दोन चरित्रे शेजारी ठेवली की ती एकमेकांना प्रश्न विचारू लागतात.

गंमत म्हणजे महारवाड्याच्या आठवणीतही बेदर आहे. बावन्न हक्कांची सनद बेदरच्या बादशहाने दिली अशी परंपरा महार समाजात चालत आली, आणि तिथे नाव अमृतनाकाचे घेतले जाते. म्हणजे एका बाजूला बेदरच्या दरबारात पावती घेणारा विठू, दुसऱ्या बाजूला त्याच दरबारातून हक्क मिळवणारा, स्वतःचे नाव असलेला माणूस. या दोन कथांचा एकमेकींशी संबंध लावण्याइतका पुरावा नाही, आणि मी तो ओढून आणणार नाही. पण ऐकणाऱ्यांनी दोन्ही ऐकल्या असणार. याच हक्कांच्या आणि वतनाच्या बदल्यात रात्रंदिवस राबावे लागते म्हणून १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. आणि ज्या पंढरीनाथाने महाराचा वेश घेतला, त्याच्या देवळाचे दार महारांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. तोवर ‘भक्तविजय’ पावणेदोनशे वर्षे घरोघर वाचला जात होता.

मग ही कथा टाकून द्यावी का? काही मित्रांचे मत तसे आहे. वरून गोड, आत जुनी व्यवस्था, असे ते म्हणतात. माझे मन तेवढे पक्के होत नाही, आणि त्याचे कारण आजी थांबायची ती जागा. कोठार उघडताना दामाजीपंत देवाला काहीच मागत नाहीत. बादशहा जीव घेईल हे ते गृहीत धरतात. आपला एक जीव जाईल पण पुष्कळ वाचतील, असा त्यांचा साधा हिशेब आहे. पंढरीत दर्शन घेतात ते शेवटचे म्हणून. पावती सापडेपर्यंत त्यांना काही ठाऊक नसते. देव काहीतरी करून सोडवील, या भरवशावर त्यांनी धान्य वाटलेले नाही. निरूपणकार भरवशाची जागा दरबारात दाखवतात. मला ती कोठाराच्या कुलपापाशी दिसते. विठू आला नसता तरी त्या दिवशी पोते घरी नेलेल्यांच्या चुली पेटल्याच असत्या.

आणि पोती उचलली कोणी असतील? दामाजीपंतांनी स्वतः खासच नाही. सरकारी कोठारातून धान्य काढणे, वाहणे ही कामे गावात कोणाकडे असत हे वर आलेच आहे. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मी आज दिले असते तर बहुधा असे : खरा महार कोठारापाशीच असणार, डोक्यावर पोते घेऊन. तो बेदरला गेला नाही, कारण त्याचे काम अजून संपले नव्हते. पोथीत हे लिहिलेले नाही. हा माझा तर्क, आणि तर्क म्हणूनच तो घ्यावा.

पुढे त्या वाचनालयात पुन्हा जाणे झाले तेव्हा मी त्यांची चौकशी केली. ते आता येत नाहीत, असे ग्रंथपालांनी सांगितले. वर्गणीच्या जुन्या पावतीपुस्तकात त्यांचे नाव होते, खाली त्यांची सही होती.