'त्रिस्ते फिगुरा' : आकारवाचक स्पॅनिश शब्दांची निवड आणि मराठी अनुवाद

प्रास्ताविक :
स्पॅनिशमध्ये आकार आणि बाह्यरेखा सुचविणारे 'फोर्मा', 'फिगुरा', 'कोन्तोर्नो', 'पेर्फिल', 'सिलुएता' हे शब्द वरकरणी समानार्थी वाटतात. वस्तुतः 'फोर्मा' म्हणजे वस्तूची घडण, 'कोन्तोर्नो' म्हणजे तिला वेढणारी सीमारेषा, 'पेर्फिल' म्हणजे एका बाजूने दिसणारे रूप, तर 'सिलुएता' म्हणजे आतील तपशील गाळून उरलेली छायाकृती. यांतील शेवटचा शब्द १७५९ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री असलेल्या एतिएन द सिलुएत यांच्या नावावरून आलेला आहे. म्हणजे तो सेर्वान्तेसच्या काळात नव्हताच. 'फिगुरा' मात्र या सर्वांहून व्यापक आहे. आकृती, देहयष्टी, चेहरा आणि चित्र या चारही अर्थांनी तो वापरला जातो.

विवेचन :
'दोन किहोते'च्या पहिल्या भागातील (१६०५) एकोणिसाव्या प्रकरणात सान्चो आपल्या धन्याला 'त्रिस्ते फिगुरा'चा वीर हे नाव देतो. मशालीच्या उजेडात दिसलेले धन्याचे रूप, लढाईचा थकवा आणि आदल्या प्रकरणात पडलेले दात ही कारणे तो सांगतो. येथे अर्थ चेहऱ्याकडे झुकतो. इंग्रजीत शेल्टन (१६१२) आणि ग्रॉसमन (२००३) यांनी 'चेहरा' हाच पर्याय स्वीकारला, यात नवल नाही.

परंतु प्रसंग येथे संपत नाही. दोन किहोते आपल्या ढालीवर एक खिन्न 'फिगुरा' रंगवून घेण्याचे ठरवितो. सान्चोचे उत्तर असे की, चित्रावर पैसा खर्च करण्याचे कारण नाही. धन्याने स्वतःची 'फिगुरा' उघडी केली की पुरे. विनोद एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर उभा आहे. अनुवादकाने पहिल्या ठिकाणी 'चेहरा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'चित्र' असे शब्द योजले, तर वाक्ये अचूक राहतील. पण सान्चोची हजरजबाबी वृत्ती लोपेल आणि तो केवळ काटकसरी सेवक उरेल.

मराठी पर्याय पाहता 'आकृती' भूमितीकडे ओढते. 'छबी'त चित्र आहे, पण सौंदर्याची छटाही आहे. 'मूर्ती'त व्यक्ती, देह आणि किंचित थट्टा सामावते. मात्र चेहरा निसटतो. 'मुद्रा' या शब्दात चेहऱ्यावरील भाव आणि ओळखीचे चिन्ह असे दोन्ही अर्थ आहेत. ढालीवरील चिन्हाच्या संदर्भात हा योग विशेष उपयुक्त ठरतो. 'खिन्न मुद्रेचा शिलेदार' असे म्हटल्यास सान्चोचे उत्तरही त्याच शब्दात देता येते. किहोतेची कृश देहयष्टी 'मुद्रे'त येत नाही, ही मर्यादा मान्य करावी लागते. परंतु तिचे वर्णन पहिल्या प्रकरणातच आलेले असल्याने ही हानी सोसण्याजोगी आहे.

निष्कर्ष :
समानार्थी शब्दांतील निवड केवळ शब्दकोशाच्या आधारे करता येत नाही. मूळ शब्द पुढील संवादात कोणते कार्य करतो, हे पाहूनच पर्याय ठरवावा लागतो. 'फिगुरा'साठी एका ठिकाणी नेमका असणारा शब्द शोधण्यापेक्षा संपूर्ण प्रसंगाला पुरणारा शब्द निवडणे अधिक न्याय्य होय.