'चूक नाही' हेही उत्तर असतं

अमेरिकेतल्या तुमच्या घरातही एसएटीचं एखादं जाडजूड पुस्तक पडलेलं असेल, कुणाच्या तरी मोठ्या मुलाने कॉलेजला जाताना देऊन टाकलेलं. ते २००५ ते २०१६ च्या दरम्यानचं असेल, तर त्यातला वाक्यातली चूक ओळखण्याचा भाग उघडून बघा. एकेक सुटं वाक्य, त्यातले चार तुकडे अधोरेखित. चुकलेला तुकडा निवडायचा. काहीच चुकलं नसेल तर पाचवा पर्याय, 'नो एरर'. असे १८ प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

व्याकरण म्हणजे आपला हातखंडा, असं आपल्याला वाटतं. शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी लाल शाई खाल्लेली माणसं आपण! पण इथे स्पेलिंग विचारतच नाहीत. आपल्याला जन्मभर छळणारे 'ए' आणि 'द' सुद्धा क्वचितच. इथे वाढलेलं मूल त्या चुका करत नाही ना. प्रश्न त्याच्या चुकांभोवती रचलेले असतात, तुमच्या-माझ्या नव्हे.

उदाहरणार्थ, 'द बॉक्स ऑफ मँगोज आर ऑन द टेबल.' क्रियापदाशेजारी 'मँगोज' बसलेत, म्हणून मुलाच्या कानाला 'आर' खटकत नाही. मराठीत हा सापळा लावायला जागाच नाही. 'आंब्यांची पेटी टेबलावर आहे' म्हणताना आंबे षष्ठीत जाऊन मागे राहतात आणि पेटी कर्ता म्हणून स्पष्ट दिसते. मुलाला अशा वाक्याचं मराठी करायला सांगा. कर्ता कोण ते त्याला लगेच कळेल. हे प्रश्न इथवर चांगलेच आहेत. ते कानावर विसंबू देत नाहीत, कारण विचारतात.

बिघडतं ते पुढे. आमच्या मुलीने १८ पैकी एकाच ठिकाणी 'नो एरर' निवडलं होतं. का, विचारलं तर म्हणाली, "बाबा, काहीतरी चुकलं असल्याशिवाय ते विचारतील कशाला?" मग त्याच नजरेने तिने स्वतःचा निबंध वाचला आणि दोन छान वाक्यं खोडून टाकली. त्यांत चूक काहीच नव्हती.

हा संशय परीक्षा घेणाऱ्यांवरही उलटला आहे. २००२ च्या पीएसएटीत टोनी मॉरिसन यांच्याबद्दल एक वाक्य होतं: 'मॉरिसन्स जीनियस' त्यांना, म्हणजे 'हर', कादंबऱ्या लिहायला समर्थ करते, अशा अर्थाचं. अपेक्षित उत्तर होतं 'नो एरर'. मेरिलंडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली: 'मॉरिसन्स' हे षष्ठीतलं रूप आहे, 'हर' त्याच्याकडे बोट दाखवू शकत नाही. आधी नकार मिळाला, पण शेवटी २००३ मध्ये तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला. म्हणजे पंडितांचंच एकमत नव्हतं, आणि उत्तर सोळा वर्षांच्या मुलांनी द्यायचं होतं! 'मॉरिसन यांची प्रतिभा त्यांना बळ देते' हे वाचून 'त्यांना म्हणजे कुणाला?' असं तुम्ही विचाराल का? अर्थ कळतो का, हा प्रश्न त्या वादात मागेच पडला. वाक्य एकटं काढून त्याची उलटतपासणी केली की असंच होतं.

२०१६ मध्ये सुटी वाक्यं गेली, उतारे आले. 'नो चेंज' हा पर्याय तेवढा राहिला. अमेरिकेत २०२४ पासून परीक्षा डिजिटल झाली. आता छोट्या उताऱ्यातली रिकामी जागा भरायची असते. संदर्भ मिळाला हे चांगलंच झालं. पण 'हे आहे तसं ठीक आहे' असं म्हणण्याची संधी गेली, याची मला चुटपुट लागते.

म्हणून ते जुनं पुस्तक रद्दीत टाकू नका. एखाद्या रविवारी मुलांबरोबर दहा प्रश्न सोडवा. अट एकच: चूक दाखवणाऱ्याने कारण सांगायचं. 'कानाला कसंतरी वाटतं' हे कारण नव्हे. आणि कारण सापडलं नाही, तर वाक्याला हात लावायचा नाही. मग ते पुस्तकातलं असो, मुलाच्या निबंधातलं असो, की तुम्ही चारचौघांत बोललेलं इंग्रजी असो.