चर्चासत्रात चर्चा कुठे असते?

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की पहिल्या महिन्याभरात तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर माहितीपत्रकं यायला लागतील. ‘एकदिवसीय आंतरविद्याशाखीय राष्ट्रीय चर्चासत्र’. विषय असा की त्यात काहीही बसावं: ‘सामाजिक शास्त्रे, भाषा आणि संस्कृती: बदलते प्रवाह’. खाली उपविषयांची रांग. संतसाहित्य, महिला सबलीकरण, डिजिटल अर्थव्यवस्था, पर्यावरण, लोककला, आणि शेवटी ‘मुख्य विषयाशी संबंधित इतर कोणताही विषय’. नोंदणी शुल्क, बँकेचा तपशील, आयएसबीएन असलेल्या ग्रंथात निबंध छापण्याचं आश्वासन. जेवणाची सोय आहे हेही लिहिलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर जेवण बऱ्याचदा उत्तम असतं.

मी अशा अकरा चर्चासत्रांना जाऊन आलोय, तेव्हा हे बाहेरून फेकलेले दगड नाहीत. दिवस साधारण कसा जातो ते सांगतो. उद्घाटन साडेदहाचं, सुरू होतं सव्वाअकराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, त्यांच्या परिचयाचा परिचय. बीजभाषण एक तास. मग जेवण. मग समांतर सत्रं, म्हणजे तीन वर्गखोल्यांत प्रत्येकी वीसेक जण आणि प्रत्येकाला पाच ते सात मिनिटं. तुम्ही तिसऱ्या पानावर आलात की अध्यक्ष घड्याळाकडे बघतात. ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत’ हे वाक्य मी अकरापैकी नऊ ठिकाणी ऐकलंय. साडेचारला प्रमाणपत्रं, आणि ती हातात पडेपर्यंत निम्मी खोली एसटी स्टँडवर.

माझा पहिला निबंध जात्यावरच्या ओव्यांवर होता. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं की ओवी ही घर, माहेर, विठ्ठल यांच्या परिघात फिरते, सार्वजनिक राजकारण तिच्यात येत नाही. खोलीत माणसं होती, त्यांत मराठीचे प्राध्यापकही होते. कुणीच काही बोललं नाही. टाळ्या पडल्या, प्रमाणपत्र मिळालं, चार महिन्यांनी ग्रंथ आला. मग एका रात्री मेसमध्ये शेजारी बसलेल्या मैत्रिणीने (ती समाजशास्त्राची) तो निबंध चाळला आणि विचारलं, ‘अरे, हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या संग्रहातल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या वाचल्यास का?’ नव्हत्या वाचल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आहे तो. ‘परी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक ओव्या ध्वनिमुद्रणासह ऐकायला मिळतात, बाबासाहेबांवर गाणाऱ्या बायकांसकट. दोन मिनिटांत माझा मुख्य मुद्दा कोसळला. आमटीच्या वाटीसमोर जे झालं ते चर्चासत्रात व्हायला हवं होतं. पण तोवर माझी चूक आयएसबीएनसकट ग्रंथालयांत पोचली होती. (आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक असतो, दर्जाचा दाखला नव्हे. हे मला कोर्सवर्कमध्ये कुणी सांगितलं नाही.)

आता याच्या शेजारी एक दुसरा सेमिनार ठेवून बघा. ९ मे १९१६, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवाइझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर निबंध वाचतात: ‘कास्ट्स इन इंडिया’. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून येतो. आज आपण तो पुढच्या सगळ्या आंबेडकरांच्या प्रकाशात वाचतो, म्हणून एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. हा एका विद्यार्थ्याचा सेमिनार पेपर आहे. तसाच वाचा एकदा.

सुरुवातीलाच ते चार जणांच्या व्याख्या समोर ठेवतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. आपणही ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ म्हणून हेच करतो, पण आपला आढावा म्हणजे हजेरीपट असतो. अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले, पुढे. आंबेडकर प्रत्येकाला थांबवून विचारतात. सेनार विटाळाला जातीचं वैशिष्ट्य मानतो, ते खरंच तिचं आहे की पुरोहितशाहीतून आलेलं आहे? नेसफिल्ड बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसण्यावर बोट ठेवतो, पण हे कारण की परिणाम? सगळ्यात जास्त मान ते श्रीधर व्यंकटेश केतकरांना देतात. हेच आपले ज्ञानकोशकार केतकर. कॉर्नेलमधून डॉक्टरेट घेतलेले, जातीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ चं. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात: जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने मिळणारं सदस्यत्व. आंबेडकर म्हणतात, ही दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलंत की सदस्यत्व आपोआप जन्मावर येतं. म्हणजे उरतं एकच लक्षण, सजातीय विवाह. आणि मग खरा निबंध सुरू होतो: गट बंद ठेवायचा तर ज्या बाईचा नवरा मेला आणि ज्या पुरुषाची बायको मेली त्यांचं काय करायचं? सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथांचा अर्थ ते या प्रश्नातून लावतात.

पटो न पटो, इथे विरोध करायला जागा आहे. प्रत्येक पायरी उघडी ठेवलीय, बोट ठेवून ‘हे चुकतंय’ म्हणता येतं. शेवटी तर ते स्वतःच सुचवतात की आपला सिद्धांत टिकत नाही असं कुणी दाखवलं तर तो सोडायची तयारी आहे. माझ्या ओव्यांच्या निबंधाचा शेवट होता: ‘सदर विषयावर अधिक संशोधनास वाव आहे.’ तुमच्याही असेल. या वाक्याला कुणीच हरकत घेऊ शकत नाही, म्हणून तर आपण ते लिहितो.

हे वाचून ‘आपल्याकडे सगळं वाईट’ असा सूर काढू नका. विषय पसरट असण्यात दोष नाही. समाजशास्त्र, भाषा, संस्कृती एका खोलीत आलेच पाहिजेत, मेसमध्ये माझी चूक समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीनेच पकडली ना? दोष रचनेचा आहे आणि त्याला कारणं आहेत. २०१० पासून शिक्षकांच्या पदोन्नतीला एपीआयचे गुण जोडले गेले, महाविद्यालयांना नॅकसाठी कार्यक्रम दाखवावे लागतात, आणि यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी दोन परिषदांत वाचन आणि एक प्रकाशित निबंध सक्तीचा केला. गुण निबंध वाचल्याचे मिळतात, ऐकल्याचे मिळत नाहीत. मग ऐकणार कोण? २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. तरी ‘दोन प्रमाणपत्रं जोडून ठेव’ हा सल्ला मला सीनियरकडून मिळालाच, आणि तुम्हालाही मिळेल. तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा नियम स्वतः उघडून वाचा.

कोर्सवर्कबद्दलही थोडं. आता किमान बारा श्रेयांकांचं असतं, त्यात ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा विषय सक्तीचा. तो नीट शिकवला तर उपयोगी आहे, मला झाला. त्रास होतो तो सगळ्या विद्याशाखांना एकत्र बसवून दिलेल्या ‘संशोधन पद्धती’चा. नमुना निवड, प्रश्नावली, काय-वर्ग चाचणी. माझ्या शेजारी महानुभाव गद्यावर काम करणारा मुलगा बसायचा. त्याला आराखड्यात ‘गृहीतक’ हवंच म्हणून सांगितलं, त्याने बिचाऱ्याने लिहिलं: ‘महानुभाव गद्य समृद्ध आहे.’ हे खोटं ठरवायला तो कुठली चाचणी लावणार होता? हस्तलिखितं कशी वाचायची, दोन पाठांत कुठला धरायचा, हे त्याला हवं होतं आणि ते कुणी शिकवलं नाही.

तर माहितीपत्रक आलं की शुल्काआधी तीन गोष्टी बघा. निबंधाला किती मिनिटं आहेत आणि त्यातली किती प्रश्नांना. पूर्ण निबंध आधी मागवून कुणाला तरी वाचायला देणार आहेत का. आणि उपविषय किती आहेत. तीसच्या वर असतील तर तुमच्या खोलीत तुमच्या विषयाचं कुणी नसणार, हे गृहीत धरा. तरीही प्रमाणपत्रासाठी जावं लागलं तर जा, मीही जातो. पण तिथे एका तरी निबंधाला प्रश्न विचारून या. अध्यक्षांनी अडवलं तर चहाच्या वेळी विचारा.

आम्ही चौघं सध्या दर शनिवारी ग्रंथालयामागच्या कॅन्टीनमध्ये बसतो. एकाचं प्रकरण, बाकी तिघांनी आधी वाचून यायचं, लिहिणाऱ्याने पहिला अर्धा तास बोलायचं नाही. ओव्यांवरचं प्रकरण मी नव्याने लिहिलंय. मंगळवारीच तिघांना पाठवलं. मेसमधल्या त्या मैत्रिणीने काल फक्त एवढाच मेसेज केला, ‘पान ७ वर बोलायचंय.’