अपरिचित, पण कुणाला?

वर्सोवा मेट्रो स्टेशनवर उतरणारा नवखा माणूस पहिल्याच दिवशी फसतो. २०१४ साली सुरू झालेल्या या मार्गाचं शेवटचं स्टेशन 'वर्सोवा' असलं, तरी तिथून वेसावे गावात जायला पुन्हा रिक्षा करावी लागते. नोकरीसाठी इथे भाड्याने राहायला आलो तेव्हा मीही फसलो. वर्सोवा म्हणजे सात बंगला, यारी रोड आणि कॉफीची दुकानं, असंच पुढचं वर्षभर समजत होतो.

मला मुंबईवरची पुस्तकं जमवायचा नाद आहे. पेशा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे एका सुट्टीत कपाटातल्या पुस्तकांमधली ठिकाणं नकाशावर टिपणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. ठिपके कुलाबा-फोर्टला दाट, परळ-दादरला विरळ आणि माहीमच्या पुढे जवळजवळ संपलेच. आधी वाटलं, कोडमध्ये काही चुकलंय. दोनदा तपासलं. कोड बरोबर होता.

'अपरिचित मुंबई' हा आता मराठी-इंग्रजीत स्थिरावलेला लेखनप्रकार आहे. विसरलेल्या विहिरी, पाणपोया, दफनभूमी, मैलाचे दगड. हे लेखन मी आवडीने वाचतो आणि त्यामागच्या पायपिटीबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. एक, या लेखनातली मुंबई अजून सात बेटांचीच आहे. दोन, 'तुम्हाला माहीत आहे का?' असं विचारून ते जागेची गंमत सांगतं आणि कारण सांगायचं राहून जातं.

पहिली गोष्ट आधी. पोर्तुगीजांनी १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्रजांना आंदण दिली, हे वाक्य आपण शाळेपासून पाठ केलेलं आहे. आंदण दिलं ते मुंबई बेट. मी राहतो ती जमीन साष्टीची, आणि साष्टी पोर्तुगीजांनी स्वतःकडेच ठेवली. पुढे १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत ती मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं फोर्ट आणि वेसावे वेगवेगळ्या राज्यांत होते, आणि त्यातली पस्तीसेक वर्षं इथे मराठ्यांचा अंमल होता. आज लाखो मुंबईकर ज्या जमिनीवर राहतात, तिला आंदणाची गोष्ट लागूच होत नाही. तरीही शहराचा इतिहास म्हणून आपण तीच सांगतो.

मग जुन्या लेखकांना दोष द्यायचा का? गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचं. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता १८४५ मध्ये झालेला, पण पलीकडची साष्टी ठाणे जिल्ह्यात. त्यांच्या मुंबईत वेसावे येण्याचं कारणच नव्हतं. उपनगरं महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५० आणि १९५७ साली. माडगावकरांनी त्यांचं शहर पूर्ण पाहिलं. आपण आपलं शहर त्यांच्या हद्दीपुरतं पाहतो, हा दोष आपला.

माडगावकरांकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. देवळं, बाजार, पेहराव, भाषा, जातीजमाती, नुकतीच आलेली रेल्वे, सगळं त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचं म्हणून लिहिलं. 'कुणालाच ठाऊक नाही' असा आव त्यांना आणावा लागला नाही. ते शहरात राहणाऱ्यांबद्दल लिहीत होते, आणि राहणाऱ्यांना आपलं शहर ठाऊक असतं.

आता दुसरी गोष्ट. मढचा किल्ला घ्या. वेसाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने काही मिनिटांत खाडी ओलांडली की पलीकडे मढ. यावर हल्ली जे छापून येतं त्याचा सारांश असा: पोर्तुगीज बांधणी, आज हवाई दलाच्या ताब्यात, हिंदी सिनेमांचं चित्रीकरण. सगळं खरं आहे. पण किल्ला तिथेच का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर बोटीतून दिसतं. खाडीचं तोंड आणि खुला समुद्र, दोन्हींवर तिथून नजर राहते.

मीही एकदा मित्रांना भटकंतीला नेण्यासाठी यादी केली होती आणि तिच्यात हा किल्ला 'अपरिचित' या सदरात टाकला होता. बोटीत तो मोबाइलवर दाखवत असताना शेजारच्या कोळी काकांनी विचारलं, "अपरिचित कुणाला रे? दर्यावरून येताना हीच तर आमची खूण." मला उत्तर सुचलं नाही. पलीकडे एरंगळला जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सेंट बोनाव्हेंचर चर्चची जत्रा भरते, सगळ्या धर्मांची गर्दी होते. ते चर्चही त्याच सदरात होतं.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर सोडून दिला असता. पण मुंबईच्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळलाय. गाव कुठवर, मासळी सुकवायची जागा कुणाची, हे कागदावर ठरायचं आहे. वर्सोवा-मढ पूलही बांधायचं ठरलं आहे. अशा वेळी इमारती येण्याआधी इथे 'काही नव्हतं' असं सहज लिहिणारं वाक्य निरुपद्रवी राहत नाही. ज्या जागेला इतिहास नाही, तिथे आधीपासून राहणारा माणूसच अतिक्रमण करणारा दिसू लागतो.

'वेसावकर आणि मंडळी'ची कोळीगीतं महाराष्ट्रभर हळदीच्या रात्री वाजतात. नाव अपरिचित नाही. अपरिचित आहे ते त्या नावामागचं गाव, तेही पुस्तकं लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या आपल्याला.

यादीतलं ते सदर मी काढून टाकलं. त्या जागी नवा रकाना केला आहे: 'ही जागा कोणाला ठाऊक आहे?' तो भरायला प्रोग्रॅम उपयोगी पडत नाही. धक्क्यावर जावं लागतं.