क्रिकेटचा तास आणि कच्चे लिंबू

नाशिकमधील एका शाळेत आठवीच्या वर्गाचा खेळाचा तास आम्ही मध्यंतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिला. तास ३५ मिनिटांचा. वर्ग मैदानावर उतरून, दोन संघ पडून, पहिला चेंडू टाकला जाईपर्यंत ९ मिनिटे गेली. उरलेल्या २६ मिनिटांत चार मुलांनी फलंदाजी केली आणि तिघांनी गोलंदाजी. त्या तिघांपैकी दोघे फलंदाजी केलेल्या चौघांतलेच होते. कुंपणाजवळ उभ्या असलेल्या एका मुलीकडे चेंडू एकदाच आला, तोही वाइड. तो तिने नीट उचलून फेकला आणि ती पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. तिचे काम काय, असे आम्ही सरांना विचारले. उत्तर मिळाले, "चेंडू आला तर अडवायचा."

गल्लीतल्या खेळात अशा गड्याला आपण कच्चा लिंबू म्हणतो. तो खेळात असतो, पण त्याच्यावर डाव नसतो. लहान भावंडाला खेळात घ्यावेच लागते म्हणून केलेली ती गोड तडजोड आहे. शाळेच्या तासाला मात्र निम्म्याहून अधिक वर्ग कच्चा लिंबू असतो आणि ते कोणाला खटकत नाही, याबद्दल आमची तक्रार आहे.

पटसंख्या ६०, बॅट एक, मैदान दोन शाळांत मिळून एक. अशा वेळी सर तरी काय करणार, हा प्रश्न योग्यच आहे. पण तेच सर खो-खो शिकवतात तेव्हा चित्र वेगळे दिसते. बचावाची तीन-तीनची तुकडी कोणत्या क्रमाने आत सोडायची, एकेरी साखळी कधी धरायची, खांबाजवळ कोणाला बसवायचे, दमलेल्या गड्याला कोणी सोडवायचे, हे सगळे ते बोलतात, मातीत रेघा ओढून दाखवतात. बसलेल्या आठही गड्यांना माहीत असते की आपण का बसलो आहोत. क्रिकेटला हात लावला की हे ज्ञान कुठे जाते कोण जाणे. मग शिकवणे म्हणजे कोपर वर, डोके स्थिर, डावा पाय पुढे. बाजारातली प्रशिक्षणाची पुस्तके चाळली तरी बहुतेक पाने फटक्यांच्या चित्रांनीच भरलेली आढळतात. जणू खेळ एका माणसाचा आहे आणि बाकीचे दहा जण चेंडू परत आणून देण्यासाठी आहेत.

आता ज्या खेळाडूचा जन्मच नाशिकचा, त्याचे उदाहरण घेऊ. रमेशचंद्र गंगाराम तथा बापू नाडकर्णी (जन्म ४ एप्रिल १९३३, निधन १७ जानेवारी २०२०). जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली. त्यांतली २७ निर्धाव, धावा ५, बळी शून्य. सलग २१ षटके निर्धाव आणि सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा पाडण्याचा त्यांचा प्रघात होता, असे सांगतात. ही गोष्ट मुलांना सांगणारे शिक्षक बरेच आहेत. पण गोष्ट अचूकतेच्या कौतुकावर संपते. आमच्या मते तिचा उपयोग तिथून पुढे सुरू होतो.

वर्गाला एवढेच विचारा: या गोलंदाजाने संघासाठी काय केले? धावफलकाचा बळींचा रकाना पाहिला तर काहीच नाही. त्याच डावात चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ बळी घेतले. एका बाजूने धावा मिळत नसतील तर फलंदाज दुसऱ्या बाजूच्या गोलंदाजावर तुटून पडतो आणि चुकतो, हे उत्तर हुशार मुले लगेच देतात. उत्तर सुंदर आहे, पण तपासून घ्यायला हवे. त्या सामन्यात इंग्लंडचे काही खेळाडू पोटाच्या विकाराने आजारी होते. बोलस आणि बॅरिंग्टन यांनी धावांच्या मागे न लागता खेळपट्टीवर ठाण मांडले. म्हणजे १३१ हा आकडा एकट्या नाडकर्णींचा नाही. समोरच्यांनी न मारण्याचे ठरवले, त्याचाही तो आहे. मग बोर्डे यांच्या पाच बळींत नाडकर्णींचा वाटा किती? धावफलकावरून हे ठरवता येत नाही. नोंदवही जे मोजते तेच आपल्याला दिसते आणि जे दिसते त्यालाच आपण कर्तृत्व म्हणतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या शाळेच्या धाववहीत मात्र कुंपणाजवळच्या त्या मुलीसाठी एकही रकाना नाही.

'तिचे काम काय' याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. दोन्हीकडच्या फलंदाजी रेषांमधले अंतर ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटर. आठवीतले मूल बॅट घेऊन, उभ्या जागेवरून निघून हे अंतर साधारण ४ सेकंदांत कापते असे समजू. (समजू नका, घड्याळ लावून मोजा.) फलंदाजाने चेंडू हलका ढकलला, वेग सरासरी सेकंदाला १० मीटर. क्षेत्ररक्षक २५ मीटरवर असेल तर चेंडू त्याच्यापर्यंत यायला २.५ सेकंद, उचलायला १ सेकंद आणि सेकंदाला २० मीटर वेगाने यष्टीकडे फेकायला १.२५ सेकंद. एकूण ४.७५. धाव आरामात निघाली. तोच क्षेत्ररक्षक ७ मीटर पुढे, १८ मीटरवर उभा राहिला तर १.८ अधिक १ अधिक ०.९, म्हणजे ३.७ सेकंद. धाव घेतली तर फलंदाज बाद.

मग सगळ्यांनीच पुढे का येऊ नये? आता चेंडू जोरात मारलेला घ्या, सेकंदाला २० मीटर. तो २५ मीटरवर पोहोचायला १.२५ सेकंद लागतात. चेंडूची दिशा ओळखण्यात अर्धा सेकंद गेला असे धरले तर धावायला पाऊण सेकंद उरतो आणि सेकंदाला ४ मीटर वेगाने क्षेत्ररक्षक दोन्ही बाजूंना ३-३ मीटर राखू शकतो. १८ मीटरवर मात्र ०.४ सेकंदच उरतात आणि राखण १.६ मीटरवर येते. एकेरी धाव रोखायची तर चौकाराचे दार उघडे पडते. म्हणून पुढे आलेल्याच्या मागे कोणीतरी लागतो. ती मुलगी कुंपणाजवळ उभी असेल तर ती कोणाच्या तरी पुढे येण्याची किंमत भरते आहे. हे तिला सांगितले तर तिचे उभे राहणे बदलते. आपल्या पुढचा मुलगा दोन पावले सरकला की तीही सरकते. आम्ही हे दुसऱ्या एका तासाला करून पाहिले. फक्कीने १८ आणि २५ मीटरचे दोन कंस आखले आणि प्रत्येक षटकाआधी क्षेत्ररक्षकांनी आपसात ठरवून जागा घ्यायची, असा एकच नियम ठेवला. पहिली दोन षटके नुसता गोंधळ झाला. तिसऱ्या षटकात एका मुलाने गोलंदाजाला विचारले, "तू कुठे टाकणार आहेस ते आधी सांग ना!" डावपेच शिकवण्याचा प्रारंभ यापेक्षा चांगला आम्हाला सुचला नसता.

ही कल्पना आमची नव्हे. १९८२ साली इंग्लंडमधील लफबरोचे डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी असा विचार मांडला, की खेळ सोपा करून आधी खेळातला प्रश्न मुलांसमोर ठेवावा. कौशल्याची गरज मुलांना वाटली की मग ते शिकवावे. विचार आम्हाला पटतो, पण तो जसाच्या तसा उचलणाऱ्यांशी आमचा वाद आहे. ज्याला चेंडू २० मीटर फेकताच येत नाही, त्याला १८ मीटरवर उभे करून समज येत नाही, लाज वाटते. फेकणे आणि झेलणे आठवड्यातून एकदा तरी घोटून घ्यावेच लागते. शिवाय ६० मुलांत प्रश्न विचारत बसले तर बोलकी मुलेच बोलतात आणि कच्च्या लिंबांचा नवा कोपरा तयार होतो. वर्गाचे चार गट करून दोघांनी खेळायचे, एकाने धाववही लिहायची, एकाने जागांचा नकाशा काढायचा आणि दर १० मिनिटांनी फिरायचे, हा आम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटलेला मार्ग आहे. धाववहीत 'वाचवलेल्या धावा' हा रकाना वाढवावा. तो भरताना मुले भांडतील. भांडू द्यावे, अंदाज आणि मोजमाप यांतला फरक तिथेच कळतो.

भूमिका द्यायच्या म्हणजे कपाळावर चिकटवायच्या, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. हा बरा फेकतो म्हणून कायम सीमेवर, ही उंच म्हणून कायम यष्टीमागे, हे आम्ही वर्षानुवर्षे चाललेले पाहिले आहे. पुन्हा नाडकर्णींकडे येऊ. मद्रासला बळी न मिळालेल्या याच गोलंदाजाने त्याच मालिकेत कानपूरला पहिल्या डावात नाबाद ५२ धावा केल्या आणि फॉलोऑन मिळाल्यावर तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद १२२ धावा काढत सामना वाचवायला मदत केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन डावांत ५ आणि ६ असे ११ बळी घेतले. जानेवारीतला धावफलक पाहून कोणी त्यांचे काम कायमचे ठरवून टाकले असते तर?

शाळेतल्या त्या मुलीचे नाव सरांना माहीत होते, पण ती गोलंदाजी कशी करते ते माहीत नव्हते. तास संपल्यावर आम्ही तिच्या हातात चेंडू दिला. सहापैकी चार चेंडू यष्टीच्या रेषेत पडले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खिशातली वही काढून काहीतरी लिहून घेतले.