मर्यादवेलीची दखल : जुहूचा किनारी अधिवास आणि लोकसल्लामसलतीच्या मसुद्यांची समीक्षा

प्रस्तावना

जुहू हे आज मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील दाट वस्तीचे ठिकाण आहे. ते मुळात एक बेट होते, ही गोष्ट मात्र बहुतांशी विस्मरणात गेली आहे. साष्टी बेटाच्या पश्चिमेला समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आलेली वाळूची ती एक लांबट, अरुंद पट्टी होती. ओहोटीच्या वेळी खाजणातून चालत तेथे जाता येत असे आणि भरती आली की ही पट्टी साष्टीपासून पुन्हा तुटत असे. पुढे भराव पडले, 1928 मध्ये येथे विमानतळ झाला, वसाहती उभ्या राहिल्या आणि बेटाचे उपनगर झाले.

कोकणच्या अशा किनाऱ्यांवर स्थानिक वनस्पतींचे दोन समूह आढळतात. खाजणाच्या बाजूला तिवर, कांदळ, चिप्पी यांसारख्या कांदळवनातील वनस्पती वाढतात, तर समुद्राकडील वाळूवर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा या नावाने ओळखले जाणारे काटेरी गवत पसरते. भरतीचे पाणी जेथवर येते त्याच्या लगत वरच्या अंगाला ही वेल वाढते. समुद्राची मर्यादा दाखवणारी ती मर्यादवेल, इतका अर्थ त्या नावातच सामावलेला आहे.

किनाऱ्याच्या वापरात बदल करण्यापूर्वी जनतेचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तत्त्व भारतीय पर्यावरण कायद्याने स्वीकारलेले आहे. ज्या मसुद्यांच्या आधारे हे म्हणणे मागवले जाते, त्यांत स्थानिक वनस्पती आणि त्यांचा अधिवास कोणत्या स्वरूपात येतो, याची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. ज्या वनस्पतीचे नाव मसुद्यात नाही, तिच्या बाजूने सुनावणीत कोणी बोलू शकत नाही, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

नाव असलेली आणि नाव नसलेली वनस्पती

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 रोजी निघाली. तिने कांदळवनाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा दिला. 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांनी तो कायम ठेवला आणि 1,000 चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा संरक्षक पट्टा नमूद केला. याच आधारावर न्यायालयीन लढा उभा राहू शकला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी कांदळवन तोडीवर अंतरिम बंदी घातली. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला गेला. दरम्यान 2012 मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. मुंबईच्या खाड्यांत आज जे कांदळवन टिकून आहे, त्याच्या पाठीशी ही तीन दशकांची कायदेशीर ओळख उभी आहे.

वाळूवरील वनस्पतींची स्थिती याहून वेगळी आहे. 1991 च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरफार करण्यास मनाई केली आणि 2011 पासून या टेकड्या संवेदनशील क्षेत्रांच्या यादीत आल्या. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु कांदळवनाला संरक्षण मिळाले ते वनस्पती म्हणून, आणि वाळूच्या टेकडीला मिळाले ते भूरूप म्हणून, हा फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे. टेकडी आपोआप तयार होत नाही. वाऱ्याबरोबर येणारी वाळू मर्यादवेलीच्या आणि काटेरी गवताच्या जाळ्यात अडकते, साचते आणि मुळांनी धरून ठेवली जाते. टेकडी हा परिणाम आहे आणि वनस्पती हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. कायद्याने परिणामाला नाव दिले, कारणाला दिले नाही. त्यामुळे जुहूसारख्या किनाऱ्यावर, जेथे वर्दळीने आणि बांधकामाने वाळू सपाट झाली आहे, तेथे टेकडी नाही म्हणून संरक्षण नाही आणि संरक्षण नाही म्हणून टेकडी पुन्हा घडवू शकणाऱ्या वेलीला जागा नाही, असे दुष्टचक्र निर्माण होते.

इतर कायद्यांतही ही उणीव भरून निघत नाही. महाराष्ट्रातील 1975 चा नागरी वृक्ष संरक्षण अधिनियम वृक्षांसाठी आहे. जमिनीवर सरपटणारी वेल त्याच्या कक्षेत येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात वनस्पतींची अनुसूची 1991 मध्ये जोडली गेली आणि 2022 च्या सुधारणेपर्यंत तीत केवळ सहा नोंदी होत्या. मुंबईच्या किनाऱ्यावरील एकही वनस्पती त्यांत नव्हती.

सुनावणीचा मसुदा काय पाहू शकतो?

14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने लोकसल्लामसलतीची दोन अंगे ठरवली : प्रकल्पस्थळाजवळची जनसुनावणी आणि लेखी म्हणणे. सुनावणीत उपस्थित झालेले मुद्दे नोंदवले जातात आणि अर्जदाराने त्यांची दखल घ्यावी अशी अपेक्षा असते. ही व्यवस्था निरर्थक आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि तिच्या तीन मर्यादा स्थानिक वनस्पतींच्या मुळावर येतात.

पहिली मर्यादा व्याप्तीची आहे. इमारती, बांधकाम आणि नगरवसाहतींच्या प्रकल्पांना या अधिसूचनेने लोकसल्लामसलतीतून वगळले. जुहूसारख्या उपनगरात किनारा बदलतो तो मुख्यतः बांधकामानेच. बदलाचे जे प्रमुख साधन, तेच सुनावणीबाहेर राहिले.

दुसरी मर्यादा ऋतूची आहे. मूल्यांकन अहवालासाठी पायाभूत माहिती बहुधा पावसाळा वगळून एका ऋतूत गोळा केली जाते. महाराष्ट्रातील अनेक दुर्मीळ वनस्पतींचे जीवनचक्र मात्र पावसाळ्यातच पूर्ण होते. कंदीलपुष्पांच्या प्रदेशनिष्ठ जाती हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्यांचा कंद उन्हाळाभर जमिनीखाली असतो. पावसाळ्यात अंकुर फुटतो, फुले येतात आणि नंतर जमिनीवर काहीच दिसत नाही. मे महिन्यात केलेल्या पाहणीत अशा सड्याची नोंद उजाड जमीन म्हणून झाली, तर सुनावणीला आलेला नागरिक त्या नोंदीला कोणत्या आधारे हरकत घेणार?

तिसरी मर्यादा भाषेची आहे. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे; संपूर्ण अहवाल नव्हे. वनस्पतींची यादी असलीच तर ती परिशिष्टात, वैज्ञानिक नावांनी येते. आयपोमिया पेस-काप्री हे नाव वाचून जुहू कोळीवाड्यातील किंवा मोरागावातील रहिवाशाला मर्यादवेलीची आठवण होण्याचे कारण नाही. 2020 मध्ये नव्या मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात हरकतींची मुदत 30 दिवसांवरून 20 दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता आणि मसुदा प्रथम केवळ इंग्रजी व हिंदीत उपलब्ध होता. 30 जून 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवादित करण्याचा आदेश दिला. सल्ला कोणाकडून मागितला जात आहे, हा प्रश्न भाषेच्या निवडीतच दडलेला असतो, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

संख्या आणि अधिवास

वनस्पतीची दखल घेतली गेली तरी ती बहुधा संख्येच्या रूपात घेतली जाते. साष्टी बेटावरीलच आरे येथील प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने हरकती मागवल्या, जुलै 2019 मध्ये सुनावणी घेतली आणि 29 ऑगस्ट 2019 रोजी 2,646 झाडांबाबतच्या प्रस्तावाला मान्यता दिली. त्यांपैकी 2,185 झाडे तोडावयाची आणि उर्वरित अन्यत्र लावावयाची होती. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. तोवर 2,141 झाडे पडली होती. या सुनावणीचा विषय कायद्यानेच झाडांच्या संख्येपुरता आखलेला होता. झाडाखालचे गवत, वेली, कंद, ओढ्याकाठची ओल यांना मिळून जो अधिवास होतो, त्याविषयी प्रश्नच विचारला गेला नव्हता. झाड अन्यत्र लावता येते असे गृहीत धरता येते. अधिवासाबाबत तसे गृहीत धरता येत नाही.

संख्येलाही काही मोल आहे, हे मान्य केले पाहिजे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गात प्रारंभी 53,467 कांदळवृक्ष बाधित होणार होते. ठाणे स्थानकाच्या रचनेतील बदलासह झालेल्या फेरविचारानंतर ही संख्या 21,997 पर्यंत खाली आली आणि 9 डिसेंबर 2022 रोजी उच्च न्यायालयाने तोडीस अनुमती दिली. 2018 च्या निकालाने अशा तोडीसाठी न्यायालयाची परवानगी आवश्यक केली नसती, तर या हिशेबाची जाहीर छाननी झाली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. नाव असलेल्या वनस्पतीसाठी निदान हिशेब द्यावा लागतो. मर्यादवेलीसाठी तोही द्यावा लागत नाही. उलट किनाऱ्यावर सुरूची लागवड झाली की ती हिरवाईत जमा होते. वस्तुतः सुरू हे या किनाऱ्याचे मूळचे झाड नव्हे आणि त्याच्या दाट सावलीत व सुक्या पाचोळ्याच्या थरात वाळूवरील मूळच्या वनस्पतींना वाढणे कठीण जाते.

एक तुलना

बेटांवरील वनस्पतींच्या संदर्भात हवाई बेटांचे उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेच्या 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती अधिनियमात प्रजातीसाठी अत्यावश्यक अधिवास निश्चित करण्याची तरतूद आहे. 1998 च्या न्यायालयीन निर्णयानंतर हवाईतील दोनशेहून अधिक वनस्पतींबाबत हा विचार नव्याने करावा लागला. तेथील प्रस्तावात प्रत्येक प्रजातीचे नाव, तिला आवश्यक असणारी माती, उंची, ओलावा व सहवासी वनस्पती आणि अधिवासाचे नकाशे दिले जातात. लोकांच्या सूचना मागवल्या जातात आणि अंतिम नियमात त्या सूचनांना उत्तरे दिली जातात. ही पद्धत निर्दोष नाही. आर्थिक वा संरक्षणविषयक कारणांनी क्षेत्रे वगळता येतात आणि तिचे बंधन प्रामुख्याने संघराज्य शासनाच्या कृतींपुरते असते. तरीही ‘या वनस्पतीला जगण्यासाठी काय लागते?’ या प्रश्नापासून तेथे सल्लामसलत सुरू होते. आपल्याकडे ती ‘या प्रकल्पाला कोणाची हरकत आहे?’ या प्रश्नापासून सुरू होते.

भारतीय कायद्यात तशी वाट नाही, असे मात्र नाही. 2002 च्या जैविक विविधता अधिनियमाच्या कलम 37 नुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते. कलम 38 संकटग्रस्त प्रजाती अधिसूचित करण्यासाठी आहे, तर कलम 41 नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन होतात आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार होते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे मायरिस्टिका वृक्षांचा पाणथळ अधिवास गावाने देवराई म्हणून राखला होता. त्याला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे अधिवास आधी लोकांच्या ज्ञानात होता आणि कायदा मागाहून आला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

एक आक्षेप

मर्यादवेल ही उष्ण कटिबंधातील अनेक किनाऱ्यांवर आढळणारी वेल आहे; ती नामशेष होण्याच्या मार्गावर नाही, मग तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. परंतु प्रजाती जगात टिकून असणे आणि ती एखाद्या किनाऱ्यावर टिकून असणे या भिन्न गोष्टी आहेत. गोव्यातील किंवा सिंधुदुर्गातील मर्यादवेल जुहूची वाळू धरून ठेवू शकत नाही. शिवाय प्रदेशनिष्ठ आणि खरोखरीच संकटग्रस्त असलेल्या वनस्पतींना संरक्षण द्यावयाचे, तर सर्वपरिचित वेलीचीही नोंद न घेणारी पद्धत त्या कामी उपयोगी पडेल, असे मानता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, लोकसल्लामसलतीचे अपयश केवळ लोकांच्या उदासीनतेत किंवा प्रशासनाच्या अनास्थेत शोधणे पुरेसे नाही. ते मसुद्याच्या रचनेतच आहे. ही रचना बदलण्यासाठी सुनावणीच्या नोटिशीसोबत त्या स्थळाच्या स्थानिक वनस्पतींची यादी मराठी नावांसह दिली जावी, पाहणीत पावसाळ्याचा समावेश असावा आणि प्रत्येक प्रकारच्या सल्लामसलतीत आलेल्या सूचनांना लेखी, जाहीर उत्तरे दिली जावीत, या तीन अपेक्षा रास्त ठरतात.

यांतील पहिल्या अपेक्षेची पूर्तता शासनाच्या आदेशाची वाट न पाहता सुरू होऊ शकते. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारखे संग्रह मुंबईतच आहेत. उपनगरांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी या जुन्या नोंदी आजच्या किनाऱ्याशी ताडून पाहिल्या, भूगोल विभागांनी जुने नकाशे त्यांना जोडले आणि मराठी विभागांनी कोळीवाड्यांतून वनस्पतींची नावे टिपून घेतली, तर लोक जैवविविधता नोंदवहीला आवश्यक असणारी सामग्री विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातूनच उभी राहील. पुढील सुनावणीच्या वेळी सभागृहात मर्यादवेलीचे नाव घेणारा कोणी असेल की नाही, हे अशा नोंदींवर अवलंबून राहील.